एका कागदावर चार सह्या : आमची वाटचाल

२००३ साली गोव्यात, फोंड्याला आम्ही दोघांनी धंदा मांडला तेव्हा भांडवल म्हणजे एक जुना मिक्सर, वडिलांचा पितळी ओळंबा आणि लेव्हल बघायची पाण्याची नळी. नळीत बुडबुडा राहिला की लेव्हल गेलीच, हे भागीदाराच्या कधी डोक्यात शिरलं नाही. तो नकाशे काढायचा, साइट माझी. पुढची काही वर्षं घरं झाली, बिलं मिळाली, संपलं.

२०१२ ला गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी बंद पडल्या. डिचोली-सांग्याकडची आमची तीन घरं चिऱ्यांच्या जोत्यावरच थांबली. खनिजाच्या ट्रकांचे हप्ते थकलेला माणूस घर कुठलं बांधतोय? हातात उरली एकच दुमजली इमारत. तिथे स्लॅबखालचं सेंटरिंग, म्हणजे टेकूच्या फळ्या, उतरल्यावर प्लंबर विचारतो, "पात्रांव (मालक), चार इंची पाइप खाली कुठून नेऊ?" त्याचा नकाशा त्याच्या खिशात, स्ट्रक्चरचा माझ्याकडे. दोन्ही कधी एका टेबलावर आलेच नव्हते. स्लॅबला भोक पाडायला कोअर कटर मागवला. राखाडी पाणी खाली गळत होतं, आणि मध्येच मशीनचा आवाज बदलला. सळी कापली होती. तीही बीमची.

दुरुस्ती आमच्या माथी, बिल अडकलं. भागीदार नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन गेला आणि समोरच्याच रस्त्यावर त्याची पाटी लागली: 'एकात्मिक बांधकाम सेवा'. एकात्मिक!

त्या वेळी म्हार्दोळच्या मास्तरांनी विहिरीच्या कठड्याचं काम दिलं, पैसे आगाऊ. गरज त्यांना नव्हती, मला होती. बलकांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीत, चहा पिताना सगळं ऐकून म्हणाले, "अरे, शाळेचं टाइमटेबल एकच असतं. गणिताच्या मास्तराचं वेगळं आणि मराठीच्या मास्तराचं वेगळं लावलं तर पोरं बसणार कुठे?"

तेव्हापासून आमच्याकडे एकच कागद. बीम लाल पेन्सिलीने, पाणी निळ्याने, वायरिंग हिरव्याने. सळ्या वाकवणारा बारबेंडर, सेंटरिंगवाला, प्लंबर, वायरमन अशा चौघांच्या सह्या झाल्याशिवाय काँक्रीटचा ट्रक सांगायचा नाही. तारखा पावसापासून उलट्या मोजायच्या, मे संपायच्या आत शेवटचा स्लॅब. कामगाराची युक्ती चालली तर ५०० रुपये रोख. पहिले एका गवंड्याने नेले: स्लॅब ओतण्याआधी पाइपच्या जागी एक साइज मोठ्या पाइपचा तुकडा उभा करायचा, ओल्या वाळूने भरून दोन्ही तोंडं सिमेंटच्या पोत्याने बांधायची. सेंटरिंग उतरल्यावर खालून टोचलं की वाळू भसकन पडते, भोक तयार. एप्रिलच्या उन्हात स्लॅबवरच्या ओल्या गोणपाटावर माडाची चुडतं टाकायची, हीसुद्धा युक्ती त्याचीच.

नव्या पोरांनो, ट्रकच्या ड्रायव्हरला पाणी ओतू देऊ नका. काँक्रीट ओतायला सोपं जातं, ताकद जाते. काँक्रीट किती पातळ आहे ते मोजायचा स्लम्पचा कोन गाडीतच ठेवा. आणि क्यूबचा, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून केलेल्या चाचणीचा, रिपोर्ट फायलीत लावण्याआधी वाचा. सात दिवसांच्या ताकदीचा आकडा अठ्ठावीस दिवसांच्या आकड्याच्या साधारण दोन तृतीयांश हवा.

गेल्या वर्षी एका चर्चासत्रात जुन्या भागीदाराने पडद्यावर 'आमची चार सह्यांची पद्धत' दाखवली. आमचा एक वायरमन मधल्या काळात त्याच्याकडे गेला होता. लाल, निळा, हिरवा, रंगसुद्धा तेच. टाळ्या पडल्या. जेवणाच्या रांगेत त्याने विचारलं, "तो मिक्सर चालतो अजून?"

"चालतो," मी म्हटलं. बेअरिंग दोनदा बदललंय, ते सांगितलं नाही.