माजघरातील पाच स्पीकर: पौषापासून श्रावणापर्यंतची नोंद

देवगड तालुक्यातील आमच्या वाडीत ग्रामदेवतेचे देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याच्या सभामंडपात ऐकलेले भजन हीच माझ्या लेखी आवाजाच्या नैसर्गिकतेची कसोटी आहे. तेथे बुवांचा आवाज पेटीमागच्या एका ठरावीक जागेवरून येतो, पखवाज त्यांच्या बाजूला नेमका बसलेला असतो, झांजवाले आणि कोरस अर्धवर्तुळात पसरलेले असतात. मात्र मंडपाचा घुमारा चारही बाजूंनी अंगावर येतो आणि तो कोठून आला हे बोट दाखवून सांगता येत नाही. घरी दोन स्पीकरांवर हेच भजन लावले की सगळे समोरच्या भिंतीला चिकटवल्यासारखे होते. पौषात मी हे बदलायला घेतले. आता श्रावण सुरू आहे आणि माजघरात दोनाचे पाच स्पीकर झाले आहेत. कौलारू घरात असा प्रयोग करू पाहणाऱ्यांना बंदिस्त स्लॅबच्या खोल्यांतील अनुभव अर्धेच लागू पडतात, म्हणून आकड्यांसकट लिहीत आहे.

माजघर ५.४ मीटर लांब आणि ३.६ मीटर रुंद आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, वर माळा नाही, थेट वाशे, रीपा आणि मंगलोरी कौले. बसण्याची जागा म्हणजे झोपाळा. सुरुवातीला दोन स्पीकर एकमेकांपासून २.४ मीटरवर होते आणि झोपाळ्यावरून प्रत्येकाचे अंतरही तेवढेच होते, म्हणजे पुस्तकी समभुज त्रिकोण. त्रिकोण बरोबर असूनही अडचण होती, कारण गायकाचा मधोमध ऐकू येणारा आवाज हा दोन स्पीकरांनी मिळून उभा केलेला आभास असतो. प्रत्येक कानाला जवळच्या स्पीकरचा आवाज आधी आणि पलीकडच्याचा सुमारे पाव मिलिसेकंद उशिरा मिळतो. हे दोन आवाज एकमेकांत मिसळताना २ किलोहर्ट्झच्या आसपास एक खळगा पडतो आणि नेमक्या त्याच पट्टीत शब्दांची स्पष्टता असते. शिवाय ऐकणारा वीतभर जरी बाजूला सरकला, तरी दोन स्पीकरांच्या आवाजांच्या येण्यात सुमारे दोन-तृतीयांश मिलिसेकंदाचा फरक पडतो आणि बुवा उठून जवळच्या स्पीकरकडे जाऊन बसतात. झोपाळ्यावर तिघे बसले की मधल्या एकालाच भजन मिळते, ही गोष्ट मला फार खटकत होती.

हे पडताळून पाहायला काही खर्च येत नाही. एकाच व्यक्तीचे बोलणे मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज देऊन, आधी दोन्ही स्पीकरांतून ऐकावे आणि मग त्यातलाच एक स्पीकर मधोमध ठेवून तेवढ्यावर ऐकावे. दुसऱ्या वेळी ‘स’, ‘श’ आणि ‘च’ यांच्या कडा ज्या प्रकारे उजळतात, त्या एकदा ऐकल्या की मधला स्पीकर हवा की नको हा वाद उरत नाही.

मधला स्पीकर ही नवी कल्पनाही नाही. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल प्रयोगशाळेच्या अभियंत्यांनी फिलाडेल्फियातील वाद्यवृंदाचे वादन तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये पोहोचवले, तेव्हा तीन मायक्रोफोन आणि तीन स्पीकर वापरले होते आणि आवाजाचा तोल सांभाळायला त्या वाद्यवृंदाचे संचालक स्टोकोव्स्की स्वतः वॉशिंग्टनमध्ये बसले होते. इंग्लंडमध्ये अभियंते ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ सालीच दोन वाटांच्या, म्हणजे डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांच्या, पद्धतीचे पेटंट मागितले होते. पुढे १९५७-५८ मध्ये स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या, तेव्हा खोबणीला भिंती दोनच असल्यामुळे घरोघरी वाटाही दोनच आल्या. तबकडीची ती मर्यादा आपण कानाची गरज मानून बसलो, असे माझे मत आहे.

तिसऱ्या स्पीकरसाठी आधीच्या दोघांत असलेला साडेसहा इंची वूफर (खालच्या स्वरांचा) आणि एक इंची ट्वीटरच (वरच्या स्वरांचा) वापरला. येथे काटकसर करू नये. मधला स्पीकर वेगळ्या जातीचा असला, तर आवाज डावीकडून मध्याकडे सरकताना त्याचा पोत बदलतो आणि सगळी मेहनत वाया जाते. खोके सागरी प्लायवूडचे, १८ मिलिमीटर जाडीचे केले, कारण एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, आमच्याकडे दोन पावसाळ्यांत कडांशी फुगते. सुतारांनी फणसाची फळी सुचवली होती. मृदंगाचे खोड फणसाचे करतात, त्याला गळा चांगला, असे त्यांचे म्हणणे. ते खरेच आहे, पण मृदंगाने गावे आणि खोक्याने गप्प राहावे अशी आपली अपेक्षा असल्यामुळे मी प्लायवूडवरच ठाम राहिलो आणि आतून दोन आडव्या पट्ट्या बसवून घेतल्या.

मधल्या स्पीकरला नुसती डाव्या-उजव्याची बेरीज दिली, तर आवाजाचा पट आक्रसतो. माघात मी तेच केले होते आणि झांजवाले बुवांच्या मांडीला मांडी लावून बसल्यासारखे वाटत होते. उपाय असा की मधला भाग मध्याला देताना बाजूच्या स्पीकरांतून तो तेवढ्या प्रमाणात काढून घ्यावा लागतो. ब्रिटिश गणितज्ञ मायकेल गर्झन यांनी या गणिताचा सखोल विचार केला आहे आणि त्याच वाटेने जाऊन मी पुढील आकडे बसवले: डाव्या स्पीकरला डाव्या वाहिनीचा ०.८५४ भाग आणि त्यातून उजवीचा ०.१४६ भाग वजा. उजव्याला याच्या उलट. आणि मधल्याला दोन्हींच्या बेरजेचा निम्मा भाग. केवळ डावीकडे असलेला आवाज घेऊन तिन्ही स्पीकरांच्या आकड्यांचे वर्ग मिळवले तर बेरीज १ येते, म्हणजे एकूण शक्ती वाढतही नाही आणि घटतही नाही. मधोमधच्या आवाजाची निम्मी शक्ती मध्याला आणि उरलेली बाजूच्या दोघांना जाते. हे काम रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि त्यावरचे कॅमिलाडीएसपी हे ध्वनिसंस्करणाचे (डीएसपी) सॉफ्टवेअर बिनतक्रार करते. त्यानंतर बाजूचे स्पीकर ३ मीटर अंतरावर नेता आले. तेवढ्या अंतरावर पूर्वी मध्ये भगदाड पडत असे, आता पडत नाही. मधला स्पीकर झोपाळ्याला ४८ सेंटीमीटर जवळ पडतो, म्हणून त्याला १.४ मिलिसेकंदांचा विलंब दिला आहे. आमच्या तीस अंशांच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो, या हिशेबाने तो काढला. हा छोटा विलंब देण्याआधी आणि दिल्यानंतरचा फरक माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा होता: पखवाजाच्या शाईवरची थाप आधी जराशी पसरट होती, ती एका ठिकाणी गोळा झाली.

मागच्या स्पीकरांचा प्रवास मात्र सरळ झाला नाही. अमेरिकी ध्वनी-अभियंते डेव्हिड हाफलर यांनी १९७० च्या सुमारास लोकप्रिय केलेली जोडणी अगदी साधी आहे. मागचे दोन स्पीकर एकापुढे एक जोडून ॲम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या लाल टर्मिनलांमध्ये लावायचे, म्हणजे त्यांना दोन्ही बाजूंतील फरक तेवढा मिळतो. गायक दोन्हीकडे सारखा असल्याने वजा होतो आणि मंडपाचा घुमारा उरतो. आठ ओहमचे दोन स्पीकर मिळून सोळा ओहम होतात, तरी विरुद्ध फेजच्या, म्हणजे दोन्ही बाजूंना उलटसुलट हलणाऱ्या, आवाजाला ॲम्प्लिफायरच्या दृष्टीने त्यांचा भार प्रत्येक बाजूला आठच ओहम पडतो आणि पुढच्या आठ ओहमच्या स्पीकरसह एकूण चार ओहम होतो, हे लक्षात ठेवावे. माझ्या हातून चूक झाली ती दुसरीच. एका छोट्या क्लास-डी (चिपवर चालणाऱ्या) ॲम्प्लिफायरवर हा प्रयोग करताना मी दोन्ही बाजूंची काळी टर्मिनले एका तारेने जोडली. त्या ॲम्प्लिफायरचे आउटपुट ब्रिज पद्धतीचे होते, म्हणजे त्यातील काळे टर्मिनलही जिवंत असते, जमिनीला लागलेले नसते. चिप तत्काळ जळाली. आपल्याकडील ॲम्प्लिफायरचा आउटपुट ब्रिज आहे की नाही हे मल्टिमीटरने पाहिल्याशिवाय कोणीही काळ्या टर्मिनलांना हात लावू नये.

दुसऱ्या, जुन्या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरवर जोडणी चालली आणि तिची परीक्षा मी एका मोनो नाट्यसंगीताच्या तबकडीवर घेतली. दोन्ही वाहिन्या सारख्या असल्यामुळे मागचे स्पीकर मुके राहायला हवे होते. गाणे खरोखरच मागे ऐकू येत नव्हते, पण धुळीची चटचट स्वच्छ ऐकू येत होती. विचार केल्यावर कारण उलगडले. खोबणीत सुई आडवी हलते तेव्हा दोन्ही बाजूंची बेरीज मिळते आणि उभी हलते तेव्हा फरक मिळतो. मोनो तबकडीवर गाणे फक्त आडव्या हालचालीत असते, पण धुळीचा कण सुईला वरही उचलतो. गाणे पुढे आणि धूळ मागे, अशी स्वच्छ विभागणी मी पहिल्यांदाच ऐकत होतो आणि त्या संध्याकाळी ती तबकडी तीनदा वाजवली.

तरीही या जोडणीत विलंब नसतो आणि आमच्या माजघरात ती तेथेच अडली. मागचे स्पीकर भिंतीतल्या दोन देवळ्यांत, झोपाळ्यापासून १.६ मीटरवर आहेत, तर पुढचे बाजूचे स्पीकर २.५६ मीटरवर, म्हणजे मागचा आवाज पावणेतीन मिलिसेकंद आधी पोहोचत होता. कान आधी आलेल्या आवाजाची दिशा खरी मानतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की त्यानंतर काही मिलिसेकंदांनी आलेला आवाज मूळ आवाजापेक्षा मोठा असला, तरी तो वेगळा ऐकू येत नाही, मूळ आवाजात मिसळून जातो. म्हणून फरकाचे कामही डीएसपीकडे सोपवले आणि डाव्या देवळीला १८, तर उजवीला २३ मिलिसेकंदांचा विलंब दिला, म्हणजे दोघे मिळून एक ठिपका होऊ नयेत. स्पीकरांची तोंडे कानाकडे न ठेवता कौलांकडे वळवली आणि ७ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापला. डॉल्बी सराउंडच्या जुन्या पद्धतीतही मागची वाहिनी तेथेच कापलेली असे आणि ‘स’काराचे पडसाद मागे ऐकल्यावर त्याचे कारण कळते. विलंब पुरेसा आहे का, हे झोपाळ्यानेच सांगितले. हलका झोका घेतला की डोके पुढे-मागे तीस-तीस सेंटीमीटर जाते आणि पुढच्या-मागच्या आवाजांतील अंतर दोन्ही बाजूंना १.७ मिलिसेकंदांनी बदलते. विलंबाशिवाय प्रत्येक झोक्याला आवाज पाठीमागे उडी मारत असे. आता झोका चालू असतानाही बुवा जागचे हलत नाहीत.

आवाजाची पातळी किती ठेवावी, यावर वैशाख गेला. गेल्या वर्षी सभामंडपात मी स्वतः मुद्रित केलेले भजन आमच्या वाडीतील बुवांना ऐकवले, तेव्हा मागचे स्पीकर पुढच्यांपेक्षा ६ डेसिबल खाली होते आणि मला ते भारदस्त वाटत होते. बुवांनी डोळे मिटून एक गजर ऐकला आणि विचारले, “पखवाज समोर आसा, पण देऊळ पाठसून कित्याक बोलता?” त्यांचे बरोबर होते, कारण मंडपात घुमारा कधी लक्ष वेधून घेत नाही. मी एकेक डेसिबल उतरवत गेलो. ११ डेसिबल खाली आल्यावर मागे काही वाजत आहे हे त्यांना सांगता येईना, पण मागचे बंद करताच त्यांनी मान वर करून वाशांकडे पाहिले. ती खूण मी नेमकी मानली आहे: चालू असताना जाणवू नये आणि बंद केल्यावर चुकल्यासारखे वाटावे. सर्व ध्वनिमुद्रणांना मात्र एकच पातळी चालत नाही. जवळजवळ ठेवलेल्या दोन मायक्रोफोनांनी केलेल्या मुद्रणात फरक कमी असतो, म्हणून मागचे २ डेसिबल वाढवावे लागतात. लांब लांब ठेवलेल्या मायक्रोफोनांच्या मुद्रणात गायकही मागे डोकावतो आणि ते तितकेच कमी करावे लागतात.

खोलीबद्दल थोडेसे. उघड्या कौलांतून खर्ज बराचसा बाहेर निघून जातो, त्यामुळे खोलीच्या लांबी-रुंदीमुळे ३२ आणि ४८ हर्ट्झवर अपेक्षित असलेल्या गुंजनांचा त्रास मला नगण्य आहे. त्रास दिला तो एका कौलाने. ११० हर्ट्झच्या आसपास कोठेतरी बारीक खरखर होत असे आणि तिला मी आठवडाभर नव्या वूफरचा दोष समजत होतो. शाकारणीसाठी, म्हणजे पावसाआधी कौले नीट करण्यासाठी, शिडी लावली, तेव्हा तोच स्वर सलग वाजवत ठेवून रीपांवरून हात फिरवला. डाव्या स्पीकरच्या बरोबर वर एक कौल नखाएवढ्या फटीत रीपेवर आपटत होते. काथ्याची छोटी चुंबळ खाली सरकवताच ते शांत झाले.

पावसाळ्यात ऐकणे कमी झाले आहे, कारण सरींच्या आवाजात ११ डेसिबल खालचा घुमारा हरवतोच. आषाढात उजव्या देवळीतून आवाज हळूहळू क्षीण होत गेला, तेव्हा टर्मिनलवर खाऱ्या हवेने हिरवट थर आला होता. तारांची टोके कापून, डाग देऊन पुन्हा बसवली. मोनो तबकड्यांसाठी वेगळी मांडणी साठवून ठेवली आहे, तीत दोन्ही वाहिन्यांची बेरीज घेऊन फक्त मधला स्पीकर वाजतो आणि धुळीची उभी चटचटही त्यातून वजा होते. एक काम राहिले आहे. मधल्या स्पीकरचा वाटा सगळ्या स्वरांना सारखाच ठेवला आहे, तो वरच्या पट्टीत थोडा कमी करून झांजांना आणखी मोकळी जागा मिळते का ते पाहायचे आहे. त्यासाठी देवळातील भजनी सप्ताहात, पाऊस उघडलेल्या रात्री, त्याच जागेवरून नवे मुद्रण करण्याची परवानगी बुवांकडून घेतली आहे.