भर उन्हाळ्यात आप्पांचा डाव

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांकडे सरकला की सकाळी नऊनंतर आप्पांना बाहेर सोडायची सोय नाही. जन्मभर चोपड्याकडे कपाशीत राबलेला माणूस दिवसभर कूलरपुढे पडून राहतो. मला काळजी त्यांच्या गुडघ्यांपेक्षा डोक्याची. बोलणंच आटतं.

म्हणून पुण्याच्या भाच्याकडे माळ्यावर पडलेला किनेक्टवाला एक्सबॉक्स, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र, मागून आणला. किनेक्ट हा त्याचा कॅमेरा २०१० सालचा, पण हातात काही धरावं लागत नाही. समोर उभं राहिलं की कॅमेरा अंगाची हालचाल टिपतो. बटणांवर बोटं अडखळणाऱ्यांसाठी मला तरी नव्या यंत्रांपेक्षा हाच बरा वाटतो.

आप्पांना बोलिंग आवडलं. क्रिकेटचं नव्हे, दहा पिना पाडायचं. बाजूला हात नेऊन चेंडू उचलायचा, पाऊल टाकून सोडायचा. सात पडल्या तर उरलेल्या तीन कशा घ्यायच्या, हे उभ्या उभ्या ठरवायचं. पहिल्याच चेंडूत दहाही पडल्या तर पुढच्या दोन चेंडूंत पडतील तेवढ्या पिना त्या दहात मिळवायच्या. कापसाच्या वजनाचे हिशेब तोंडी केलेले आप्पा टीव्हीआधी बेरीज सांगतात. नात पुढे गेली की लगेच, "आखो एक डाव व्हऊ दे!"

अंग आणि डोकं एकदमच कामाला लागतं, माझ्या लेखी मोल त्याचं. २०१२ साली अमेरिकेतल्या वृद्धांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींनी व्यायामाची साधी सायकल मारली, काहींनी पडद्यावरच्या रस्त्यावर शर्यत लावत. तीन महिन्यांनी लक्ष देणं, ठरवणं, स्वतःला आवरणं अशा चाचण्यांत शर्यतवाले पुढे होते; मेहनत मात्र दोघांची सारखीच. तेवढ्यावरून स्मृतिभ्रंश टळतो असं मी म्हणणार नाही. चालणंही सोडू नये. पासष्टीपुढच्यांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळायचा सराव करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या उन्हात तो घरातच जमवावा लागतो.

सुरू करणार असाल तर आधी सतरंजी गुंडाळा, पायमोजे काढायला लावा, हाताशी जड खुर्ची ठेवा. चक्कर येत असेल किंवा नुकतीच बीपीची गोळी बदलली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि म्हाताऱ्या माणसाला एकट्याला टीव्हीपुढे उभं करून आपण स्वयंपाकघरात जाऊ नका, जोडीला गडी हवाच. नात शाळेत असते तेव्हा आमच्याकडे शेजारचे बापू येतात. आप्पा त्यांचेही गुण मोजतात आणि त्यावरून दोघांचं मनसोक्त भांडण होतं.