तालिनची दिवेलागण

आमच्या घरी सातच्या सुमारास देवापुढे दिवा लागतो आणि त्यानंतरच रात्रीच्या स्वयंपाकाचा विषय निघतो. हा क्रम अंगात इतका मुरलेला आहे, की जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एस्टोनियाची राजधानी तालिन येथे राहायला गेलो, तेव्हा पहिले दोन दिवस मला रात्रीची भूकच लागली नाही. अंधार पडल्याशिवाय आपले पोट जेवण मागत नाही, हा शोध मला पन्नाशी उलटल्यावर लागला. हे सुमारे साडेचार लाख वस्तीचे शहर ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्या दिवसांत तिथे सूर्य पहाटे चारच्या सुमारास उगवतो आणि रात्री पावणेअकराच्या आसपास मावळतो. त्यानंतरही काळोख म्हणावा असा काळोख होत नाही, आकाश नुसते धुतलेल्या निळ्या लुगड्यासारखे फिकट होऊन राहते.

मी कालामाया भागात, जुन्या लाकडी घरांच्या एका गल्लीत उतरलो होतो. संध्याकाळी पाचला आईचा फोन यायचा, कारण पुण्यात तेव्हा साडेसात वाजलेले असत. तिन्हीसांजेचा बाहेर कुठे भटकतोस, असे ती सवयीने विचारायची. तिन्हीसांज व्हायला इथे अजून पाच-सहा तास आहेत, असे मी सांगितल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग ती माणसे दिवा लावतात तरी कधी?"

या प्रश्नाचे उत्तर एस्टोनियन लोकांनी एका कथेत देऊन ठेवले आहे. सूर्य हा त्या कथेत जगाच्या म्हाताऱ्या धन्याचा दिवा आहे. संध्याकाळी तो विझवण्याचे काम हॅमारिक या मुलीकडे, म्हणजे सांजेकडे, आणि सकाळी तो पेटवण्याचे काम कोइत या तरुणाकडे, म्हणजे पहाटेकडे. वर्षभर दोघांची गाठ पडत नाही. फक्त उन्हाळ्यातल्या सर्वांत लहान रात्रींत ती दिवा थेट त्याच्या हाती देते आणि तेवढ्यात दोघे एकमेकांचे चुंबन घेतात. म्हाताऱ्याने प्रसन्न होऊन लग्न लावून देतो म्हटले, तर दोघांनी हात जोडून सांगितले, की आम्हाला कायम वाग्दत्त वधूवरच राहू द्या. आईला ही गोष्ट सांगितली (चुंबन वगळून), तेव्हा तिला दिव्याचे काम वाटून दिलेले फार आवडले. लग्नाला नकार मात्र मुळीच पटला नाही.

कथेतल्या प्रेमिकांना सवलत असली, तरी सरकारी कामाला वेळ पाळावीच लागते. टोम्पेआ टेकडीवरच्या पिक हर्मान या जुन्या बुरुजावर निळा-काळा-पांढरा राष्ट्रध्वज रोज सूर्योदयाला चढवतात, पण सातच्या आधी नाही. आणि सूर्यास्ताला उतरवतात, पण रात्री दहाच्या नंतर नाही. सूर्य चारला उठला म्हणून माणसानेही उठावे, असे तिथल्या कायद्याला वाटत नाही, याबद्दल मला त्याचे कौतुक वाटले. अपवाद एकाच रात्रीचा. २३ जूनला, योहानाच्या सणाच्या आदल्या रात्री, ध्वज उतरवतच नाहीत. त्या रात्री गावोगावी होळीसारख्या मोठ्या शेकोट्या पेटतात आणि तालिनमधली निम्मी माणसे आपापल्या गावी गेल्यासारखी वाटतात.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी दहाला दहा मिनिटे कमी असताना बुरुजाखालच्या बागेत जाऊन बसलो. मांडीवर बाजारातून घेतलेल्या स्ट्रॉबेरीचा पुठ्ठ्याचा डबा होता. फळे आपल्या महाबळेश्वरच्यापेक्षा लहान, पण आतपर्यंत लाल आणि देठाशीही गोड. बरोबर दहाला ध्वज खाली येऊ लागला, तेव्हा बुरुजाच्या वरच्या दगडांवर चक्क पिवळे ऊन होते. बाकावर शेजारी बसलेल्या आजीबाई उठून उभ्या राहिल्या, म्हणून मीही डबा बाजूला ठेवून उभा राहिलो. आईला हे लगेच कळवावे असे फार वाटले, पण पुण्यात तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.