नोट्स मिळाल्या, पण वाचता येतात का?

ग्रुपवर पीडीएफ टाकली की काम झालं असं कॉलेजात बऱ्याच जणांना वाटतं, पण ती पीडीएफ म्हणजे झेरॉक्सचा मोबाइलवर काढलेला फोटो असेल तर अंध पोराचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, तिथे गप्पच बसतो. कृती देव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं तर अजून वाईट, पडद्यावर ‘मराठी’ दिसतं आणि आत असतं ई, जे, के, बी, एच, मग एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर तेच वाचणार ना! २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहेच, पण प्लीज आधी युनिकोडमध्ये, म्हणजे आतही मराठी अक्षरंच राहतील असं, टाइप करा. वर्डमध्ये नुसतं बोल्ड नको, हेडिंग स्टाइल द्या, म्हणजे त्या पोराला थेट हव्या त्या मुद्द्यावर जाता येतं. जुनं स्कॅन असेल तर ड्राइव्हवरून गूगल डॉक्समध्ये उघडा, ते फोटोतलं मराठी बऱ्यापैकी ओळखतं, जोडाक्षरं तेवढी तपासून घ्या.