होडीखालचा गाडा

बोट बघायला गेलो तेव्हा तिच्याभोवती तीन चकरा मारल्या. इंजिन चालू करून पाहिलं, तळावरून हात फिरवला, सीटच्या शिवणीसुद्धा तपासल्या. खालच्या ट्रेलरकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. अ‍ॅल्युमिनियमची १६ फुटी बोट, तिच्याबरोबर ट्रेलर आपसूक आला.

इथे अमेरिकेत पाण्याच्या काठावर घर असणारे भाग्यवान सोडले, तर बाकी बऱ्याच जणांची बोट वर्षातले बहुतेक दिवस घरासमोर ट्रेलरवरच उभी असते. पाण्यात न्यायची तर आधी कारमागे जोडून हायवेवरून ओढायची. पहिल्याच दिवशी ताशी ५० मैलांच्या पुढे काटा गेला आणि आरशात बोट शेपूट हलवताना दिसली. आधी हळू, मग गाडीची मागची बाजूही तिच्या तालावर डुलायला लागली. ब्रेक दाबला नाही, नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडला. ते सुचलं हे नशीब. उरलेला रस्ता ४० च्या वेगाने, मागच्यांचे हॉर्न ऐकत काढला.

रात्री काकांना व्हिडिओवर सगळा प्रकार दाखवला. त्यांची हयात बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गेली. फोन जरा मागे धर म्हणाले, दोन मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, “अरे, गाडी उलाळ आहे तुझी.”

गाडीत मागे जास्त माल भरला की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवर भार राहत नाही, ती उलाळ गाडी. ट्रेलरचंही नेमकं तेच. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या जोडावर, म्हणजे कारच्या हुकावर दाबून बसायला हवा. तो नसेल तर वजनाचा मध्य चाकांच्या फार जवळ जातो आणि वाऱ्याचा जरा झोत आला की मागचं धूड लंबकासारखं झुलायला लागतं. दुसऱ्या दिवशी ट्रेलरचा दांडा बाथरूममधल्या वजनकाट्यावर, मधे लाकडी ठोकळा ठेवून, टेकवला. बोट, इंजिन, इंधन आणि ट्रेलर मिळून सुमारे १५०० पौंड, आणि काट्यावर जेमतेम ८०. काकांनी सात समुद्रांपलीकडून बरोबर ओळखलं होतं.

उपाय दोन. एक तर बोट पुढे सरकवायची, नाहीतर चाकं मागे न्यायची. मी दुसरा धरला. बोट उतरवून घेतली, यू-बोल्ट सोडले आणि स्प्रिंगच्या पाट्यांसकट अख्खा अ‍ॅक्सल (चाकांचा आस) ७ इंच मागे नेला. मडगार्डही त्याच्याबरोबर हलवावे लागले, त्यात एक अख्खा रविवार गेला. बोट परत चढवली तेव्हा काटा १४० च्या आसपास थांबला.

मग मात्र मला संशयाने पछाडलं. जोडाचा बॉल, म्हणजे कारच्या हुकावरचा लोखंडी गोळा, बघितला. विकणाऱ्याने “हाही घेऊन जा” म्हणून दिलेल्या बॉलच्या डोक्यावर १ ७/८ इंच कोरलेलं, आणि कपलरवर, म्हणजे त्या बॉलवर बसणाऱ्या दांड्याच्या टोकावरच्या वाटीवर, लिहिलेलं २ इंच. फरक एक अष्टमांश इंचाचा. खिटी व्यवस्थित लागते, खट्ट आवाज येतो, आपण निर्धास्त, आणि एखाद्या खड्ड्यात कपलर उडून बाहेर. तेव्हापासून जोडल्यावर दांड्याचा जॅक फिरवून बघतो: कारची मागची बाजू त्याच्याबरोबर वर उचलली गेली, तरच जोड खरा. खालच्या दोन साखळ्या एकमेकींवरून फुली मारून लावायच्या, म्हणजे जोड निसटलाच तर दांडा रस्त्यावर न आदळता त्या झोळीत पडतो.

खरं प्रकरण निघालं चाकांच्या आत. बाहेरून हब (चाकाचा तुंबा) चकचकीत, नव्या रंगाचा. टोपी काढली तर ग्रीसच्या जागी दुधट, राखाडी चिखल. ग्रीसमध्ये पाणी शिरलं की असंच होतं. हायवेवर ३० मैल पळून हब तापलेला असतो आणि आपण ट्रेलर तसाच उतारावरून थंडगार पाण्यात ढकलतो. आतली हवा झटकन आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी आत खेचून घेते. मग बोट महिनाभर उभी, आत गंज निवांत बसलेला. आतल्या बाजूचं बेअरिंग हातावर घेतलं तर रोलर निळे पडलेले आणि त्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. हे आणखी किती मैल चाललं असतं, याचा विचार न केलेला बरा.

बेअरिंग बदलायचं तर हबमध्ये ठोकून बसवलेल्या त्याच्या बाहेरच्या कड्याही बदलायच्या. जुन्या कडीवर नवं बेअरिंग म्हणजे पैसे पाण्यात. नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरणं हे तळहाताचं काम. तळव्यावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायचं, वरच्या फटींतून ग्रीस किड्यांसारखं बाहेर येईपर्यंत. नुसतं वरून फासलं तर ते वंगण नव्हे, मेकअप. सील नवं, स्प्लिट पिनही नवी.

सांगाड्याची गोष्ट थोडक्यात. हातोडीने टकटक करत गेलो. सगळीकडे खणखणीत आवाज, एका आडव्या नळीवर मात्र भद्द. स्क्रूड्रायव्हर टेकवला तो सरळ आत गेला. चौकोनी नळी आतून कुजते आणि बाहेरचा रंग शाबूत राहतो. ती बदलायला वेल्डरकडे दिली. माझ्या हातच्या वेल्डिंगवर मी बोट ठेवली असती, पण माझ्यामागून येणाऱ्या माणसाने त्यावर विश्वास का ठेवावा?

दिव्यांचंही मजेशीर होतं. डावा इंडिकेटर दिला की दोन्ही बाजू मंद लुकलुकायच्या. अर्थिंग गंजलेल्या सांगाड्यातून घेतलेलं, त्याचा हा प्रताप. अर्थिंगची पांढरी वायर थेट प्रत्येक दिव्यापर्यंत ओढली. तपकिरी टेललाइटला, पिवळी डावीकडे, हिरवी उजवीकडे. टायरवर कोरलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे ३१०९ होते, म्हणजे २००९ सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, पण बाजूंना भेगाच भेगा. दोन्ही टायर काढले आणि ट्रेलरसाठीच बनवलेले, एसटी (स्पेशल ट्रेलर) छापाचे, घातले.

पहिल्या फेरीत १५ मैलांवर बाजूला थांबलो आणि हबला हाताची मागची बाजू लावली. डावा कोमट. उजव्याला हात टेकवेना. नट जास्त आवळला होता मी. हब फिरवत बेअरिंग बसेपर्यंत आवळायचा, मग ढिला करून नुसत्या बोटांनी लागेल एवढाच ठेवायचा, हे डाव्या चाकाला बरोबर जमलं होतं आणि उजव्याच्या वेळी जेवायची हाक आली होती. चाकांना अडण्या लावल्या, जॅक लावला, टोपी काढली, पिन सरळ करून ओढली, नट एक खाच मागे घेतला. खिशात नवी पिन होती. पुढच्या १५ मैलांनी पुन्हा थांबलो. दोन्ही हब सारखेच कोमट. काकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “आता बोट दाखव.”