काकांचा शटल वॉक

मी फिजिओ आहे, फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी पेशंटला कितपत झेपेल ते बघायच्या टेस्ट माझ्याकडे असतात. परवाचे काका डोक्यातून जातच नाहीयेत म्हणून लिहितेय.

त्यांचा उजवा खालचा लोब, म्हणजे उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग, काढायचा होता. दोन्ही फुफ्फुसांचे मिळून १९ सेगमेंट (छोटे भाग) धरतात, त्यातले ५ या एकाच लोबमध्ये, म्हणजे पाव भाग गेलाच. त्यात स्पायरोमेट्री (फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजायची टेस्ट) आधीच कमी, ऑपरेशननंतर उरणाऱ्या क्षमतेचा हिशोब नॉर्मलच्या ६० टक्क्यांच्या खाली येत होता, मग शटल वॉक. एकमेकांपासून ९ मीटरवर ठेवलेले दोन शंकूसारखे कोन, वळसा धरून १० मीटरची फेरी, बीप वाजायच्या आत पलीकडे पोचायचं. पहिल्या मिनिटात ३ फेऱ्या, सातव्यात ९. ४०० मीटरच्या वर गेलं की आम्हाला जरा हायसं वाटतं.

काका "पास व्हायचंच" म्हणतच आले, मुलगा कडेला उभा राहून "बाबा, सोडायचं नाही". पाचव्या मिनिटाला ऑक्सिमीटरचा आकडा गायब झाला, बघते तर काकांचा हात खिशात आणि अंगठ्याने क्लिप ढकलून काढलेली! ४०० पार करून थांबले, दम किती लागलाय, ० ते १० मध्ये सांगा म्हटलं तर दोन बोटं दाखवली, कारण तोंडातून शब्दच फुटत नव्हता. क्लिप परत लावली तर ऑक्सिजन ८८ टक्के, सुरुवातीला ९५ होतं.

"मॅडम, ९२ लिहा ना, नाहीतर ऑपरेशन करणार नाहीत."

मी ८८च लिहिलं. पण राग आला तो फॉर्मवरच्या "फिट / अनफिट" या दोन चौकोनांचा आणि पेशंटला नीट न सांगता "फिटनेस घेऊन या" म्हणून पाठवणाऱ्यांचा, मग माणूस परीक्षेला बसल्यासारखाच येणार ना.

पुढे सायकलवर मास्क लावून ऑक्सिजनचा वापर मोजला, किलोमागे मिनिटाला १४ मिली आला. १०च्या खाली असता तर फारच धोका होता, २०च्या वर असता तर निर्धास्त. हे मधलं, म्हणजे ऑपरेशन रद्द नाही पण तयारी हवी. रेडिएशनचा पर्यायही डॉक्टरांनी समजावला, काकांनी ऑपरेशनच निवडलं, सध्या रोज माझ्याकडे सायकल आणि श्वासाचे व्यायाम चालू आहेत.

मुलगा काल विचारत होता, ९२ लिहिलं असतं तर एव्हाना ऑपरेशन झालं असतं ना. झालंही असतं, मी त्याला तेच सांगितलं. पण नंतर खोकून कफ बाहेर काढायला आणि दुसऱ्या दिवशी उठून चालायला जो दम लागतो तो काकांनाच आणावा लागला असता, कुठून आणला असता?