प्रोजेक्टने काय बदललं, म्हणता?

टी.वाय.ला असताना मी ऊसतोड बायकांच्या आरोग्यावर प्रोजेक्ट केला, हे ज्याला कळतं तो हमखास विचारतो, ‘मग त्यांच्यासाठी काय बदललं?’ आत्येभावाने विचारलं, ऑफिसात विचारलं, एका लग्नात तर अक्षता पडायच्या आधी विचारलं. कॉमर्सवाल्याला कुणी विचारतं का, तुझ्या प्रोजेक्टने महागाई किती उतरली?

तर सांगते. काही बदललं नाही. तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून २०२४ च्या जानेवारीत ३६६ वर गेला, तो ऊसतोड कामगारांच्या कोयता बंद आंदोलनामुळे, म्हणजे संपामुळे. बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यात गर्भाशयाची पिशवी काढायची नाही हा नियम आला, तो ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या २०१९ च्या बोभाट्यामुळे. माझ्या प्रोजेक्टला मिळाले ते मार्क. वर परीक्षकांचा शेरा, की संशोधक स्वतः ऊसतोड्यांच्या घरातली, तेव्हा तटस्थतेचं काय?

तटस्थता! ऐका मग.

आमच्याच भागातली टोळी होती. बायका फडातून येऊन चुलीला लागल्या, तशी मी कोपीपुढे, म्हणजे त्यांच्या झोपडीपुढे, फॉर्म घेऊन बसले. लग्न कितव्या वर्षी, आगाऊ उचल किती, कामावर नाही गेलं तर खाड्याला किती कापतात. उत्तरं भराभर आली. खाड्याचा हिशोब तर सगळ्यांना तोंडपाठ. मग पिशवीच्या ऑपरेशनचा प्रश्न. नात्याने चुलती लागणारी एक जण भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “तुझ्या आयला इचारलं का आधी?”

मी म्हटलं, “काकू, घरच्यांना सॅम्पलमध्ये घेत नाहीत.”

“ते राहू दे. इचार तरी.”

मी गावात आजीजवळ वाढले. आईचं गाठीचं ऑपरेशन झालं होतं, एवढंच मला माहीत. ती तेव्हा दुसऱ्या कारखान्यावर होती. रात्री फोन लावला. म्हणाली, “गाठ न् पिशवी एकच की. अंगावरून जायचं, डॉक्टर म्हनला कॅन्सर हुईल. खाडे तरी किती पाडायचे?” मग म्हणाली, “त्या फारमात घालू नको मला.”

नाही घातलं. याच प्रश्नावर सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीच्या अहवालात बीडच्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा मी प्रस्तावनेत तोऱ्यात टाकला होता. त्यात आई आहे का, हे तिला आजतागायत विचारलेलं नाही.

‘शिफारशी’ या प्रकरणात मी लिहिलं होतं, ‘महिलांमध्ये जागृती करावी.’ त्या वेळच्या स्वतःला विचारावंसं वाटतं, कसली जागृती गं? आईला सगळं कळत होतं, सुट्टी तेवढी नव्हती. पण ती तेव्हाची मीही उलटून म्हणेल, फॉर्म घेऊन गेले नसते तर तुला हे तरी कळलं असतं का? नसतं. म्हणून काय, एका पोरीला स्वतःच्या आईचं दुखणं कळावं यासाठी दिवसभर राबलेल्या बायकांनी माझ्यापुढे बसायचं? हेही पटत नाही.

ज्युनिअर पोरी प्रश्नावली मागतात, मी पाठवते. मध्यंतरी ऑपरेशनचा प्रश्न काढून पाठवायचे. एकीने विचारलं, “ताई, मेन प्रश्नच कुठाय?” परत घातला. पुढचीला काय पाठवीन, सांगता येत नाही.